एक रुपयाचा विसार

गाडी विकण्याचा निर्णय माझा होता, हे आधीच लिहून ठेवतो. कारण पुढे घरात तो दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखे बोलले गेले. अंधार पडला की समोरच्या वाहनांचे दिवे माझ्या डोळ्यांत पसरू लागले होते. दिवसा अडचण नव्हती. परंतु इंदापूरहून बारामतीला डॉक्टरांकडे जायचे, तिथे नंबर लागेपर्यंत बसायचे आणि उजेडात घरी परतायचे, हे प्रत्येक वेळी साधत नाही. एकदा साधले नाही. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता आणि ती मला दिसली तेव्हा फार थोडे अंतर उरले होते. बायको शेजारीच बसली होती. दुसऱ्या दिवशी मी मुलीला पुण्याला फोन केला आणि जाहिरात टाकायला सांगितले.

गाडी निवृत्तीनंतर घेतलेली. लहान, पांढरी, पेट्रोलवर चालणारी. माझ्याखेरीज कुणी चालवलेली नाही. मुलीने मोबाइलवरच्या जाहिरातीत चार छायाचित्रे आणि माझा क्रमांक घातला. मी मागच्या काचेवर ‘विकणे आहे’ असा कागद चिकटवला आणि गाडी दारासमोर उभी केली.

जाहिरात पडली त्याच तासाला फोन सुरू झाले. पहिल्याने नमस्कारही केला नाही, “लास्ट किती?” एवढेच विचारले. मी किंमत सांगितली. त्याने तिच्या निम्म्याहून खाली आकडा सांगितला आणि संध्याकाळी माणूस पाठवतो म्हणाला. माणूस आला नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याचाच फोन आला. एक बाई कुठल्या तरी कंपनीतून बोलत होत्या. गाडी आजच्या आज विकून देतो, नोंदणीचे शुल्क तेवढे आत्ता भरा, असा त्यांचा आग्रह. नको म्हटले तर त्यांनी ‘का नको’ याची कारणे विचारली. एकाला गाडीच्या कागदांचे आणि माझ्या आधार कार्डाचे छायाचित्र हवे होते. गाडी पाहायची आहे का, असे मी विचारले. “नंतर बघू की, काका,” तो म्हणाला.

आमच्याकडे अनोळखी म्हाताऱ्याला तात्या म्हणतात, नाहीतर आबा. काका म्हणणारा बाहेरचा असतो. एवढे कळत असूनही मी प्रत्येक फोन घेत होतो. विकायला काढलेल्या वस्तूची चौकशी झाली तर उत्तर द्यावे, अशी माझी रीत.

“अहो, त्यांना कामधंदा नाही,” बायको म्हणाली, “आणि तुम्हालाही नाही. जमलं बरोबर.”

मी कालवा निरीक्षक होतो. पाण्याच्या अर्जात पाव एकर लपवणारी माणसे मी नोकरीभर पाहिली. खोटे बोलणारा बांधावर उभा असला की त्याच्या पायांकडे पाहावे. तोंड सांभाळता येते, पाय जागा बदलत राहतात. फोनवरच्या माणसाला पाय नसतात. हे मला त्या वेळी सुचले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक आवाज आला. “नमस्कार काका. जाहिरात पाहिली. आपल्याला बोलायला वेळ आहे का?”

माझ्या वेळेबद्दल तीन दिवसांत कुणी विचारले नव्हते. मी बसलो आणि बोललो. तो पुण्याचा, एका कंपनीत अभियंता, बारामतीला बदली झालेली, पुढच्या महिन्यात कुटुंब येणार, असे त्याने सांगितले. टायर कधी बदलले, बॅटरी कोणत्या साली टाकली, इंजिनातून आवाज येतो का, असे रीतसर प्रश्न त्याने विचारले. मग मी कोणत्या खात्यात होतो ते विचारले. मी सांगितले.

“काय सांगता! माझे वडीलही पाटबंधारे खात्यातच. नाशिककडे.”

मी शिक्षक होतो म्हणालो असतो तर त्याचे वडील शिक्षक निघाले असते. त्या दिवशी मात्र मला बरे वाटले.

“गाडी मी घेतली, काका,” तो म्हणाला. “आता दुसऱ्या कुणाला दाखवू नका.”

“तोंडी शब्दावर मी गाडी अडवून ठेवत नाही,” मी म्हणालो. “आमच्याकडे विसार दिल्याशिवाय व्यवहार पक्का धरत नाहीत.”

“टोकन ना?”

“टोकन नव्हे. विसार.”

आणि मी त्याला विसार समजावून सांगितला. विसार म्हणजे घेणाऱ्याने सौदा ठरताना आगाऊ हातावर ठेवलेली रक्कम. ती किती, याला महत्त्व नाही. ती घेतली की विकणारा बांधला गेला. मग जास्त भाव देणारा दारात आला तरी त्याला वस्तू दाखवायचीही नाही. घेणारा फिरला तर विसार बुडाला. विकणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करायचा, आणि वर गावात नाव जाते ते वेगळेच. माझ्या वडिलांनी सव्वा रुपयाच्या विसारावर एक बैल आठवडाभर दावणीला बांधून ठेवला होता आणि दीडपट भाव देणाऱ्याला पाणी पाजून परत पाठवले होते. हेही मी त्या माणसाला सांगितले. तो मन लावून ऐकत होता. मीच त्याच्या हातात दोरी देत होतो.

फोन ठेवतो न ठेवतो तोच खात्यात एक रुपया जमा झाल्याचा संदेश आला. लगेच पुन्हा फोन. “खातं बरोबर आहे का बघायला पाठवला, काका. पण आपण तो विसारच समजा. बाकीचे एक-दोन दिवसांत.”

“पोचला,” मी म्हणालो. “रविवारपर्यंत गाडी तुमची.”

तो मंगळवार होता. काचेवरचा कागद काढायचा राहून गेला.

गुरुवारी दारात स्कूटी थांबली. चाळिशीच्या एक बाई उतरल्या. मागे दोरीने बांधलेला प्लॅस्टिकचा क्रेट होता. त्यांनी हाक मारायच्या आधीच गाडीभोवती एक फेरी घातली, वाकून खालची बाजू पाहिली आणि मग फाटकाशी आल्या.

“तात्या, इकायची हाय नव्हं?”

“होती.”

“होती म्हंजे? कागुद तर हितंच चिकटलाय.”

“काढायचा राहिला. विसार घेतला आहे.”

“बगू तर द्या. बगायला काय विसार लागत न्हाय.”

वास्तविक दाखवणे रीतीत बसत नव्हते. मी मागचे दार उघडले. त्यांनी आसन पुढे कसे दुमडते ते विचारले, दुमडले, क्रेट सोडून आणून आत ठेवला, वितीने उरलेली जागा मोजली. “तीन बसत्यात,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

त्या शेळगावच्या. घरी दोन बायका हाताशी घेऊन जेवणाचे डबे करीत. लोणी देवकरच्या एका कारखान्यात पंचेचाळीस डब्यांचे काम त्यांना मिळाले होते. सोमवारपासून सुरू. साडेबाराच्या आत डबे फाटकावर पोचले पाहिजेत. स्कूटीवर निम्मेही मावत नव्हते, आणि दुसऱ्या खेपेइतका वेळ मिळत नव्हता.

“सुपरवायझर म्हनला, पैल्या दिवशी उशीर झाला तर हायवेच्या हाटेलवाल्याला काम दीन. तो टपूनच बसलाय. मला सोमवारी चार चाकं पायजेत, तात्या. मी शिकलीया चालवायला, लायसन हाय. कुनी घेतलीया ही?”

“पुण्याचे एक गृहस्थ आहेत.”

“बगून गेलं?”

“नाही.”

“न बगता गाडी घेतली?” त्यांनी कपाळाला हात लावला. “आवं, मी वांगं बी दाबून घेती. विसार किती दिलाय?”

“रुपया.”

त्या फाटकाच्या पायरीवर बसल्या आणि हसू लागल्या. आतून बायकोचेही हसणे ऐकू आले.

“एक रुपया! तात्या, रुपयाला शेळी बी मान वर करून बगत न्हाय.”

“विसार रकमेवर ठरत नाही.”

त्यांचे हसणे थांबले. त्या उठल्या, लुगडे झटकले. “व्हय,” त्या म्हणाल्या. “ते बी खरंच हाय.”

त्यांनी वाद घातला असता तर मला सोपे गेले असते. त्या इथल्याच. विसार घेतल्यावर पुढे बोलायचे नसते, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते.

“रविवारपर्यंत थांबा,” मी म्हणालो. “ते आले नाहीत तर गाडी तुमची.”

“आन् आलं तर?”

मी वही आणली. त्यांनी मोबाइलचा क्रमांक सांगितला, तो मी लिहून घेतला. क्रेट पुन्हा बांधून त्या गेल्या. मग मी काचेवरचा कागद नखाने खरवडून काढला.

“रुपया परत पाठवा आणि मोकळे व्हा,” जेवताना बायको म्हणाली.

“परत करायचा तर दुप्पट करावा लागतो.”

“मग दोन रुपये पाठवा! दोन रुपये नाहीत का आपल्या घरात?”

मी भाकरी संपवली आणि उठलो.

शुक्रवारी त्या माणसाचे सहा फोन आले. गाडी न्यायला वाहतूकवाला निघाला आहे. वाहतूकवाला टेंभुर्णीकडून येतो आहे. वाहतूकवाल्याच्या घरी कुणी वारले आहे. शनिवारी त्याने आपल्या साहेबांना फोनवर दिले. साहेबांचा आवाज त्याच्याच आवाजासारखा होता, फक्त जाड. मधूनमधून इतरांचे फोन येतच होते. माझ्या गाडीवर कर्ज देणारे, माझ्या गाडीच्या बदल्यात नवी देणारे, माझ्या गाडीचा विमा संपला आहे असे मलाच सांगणारे. विमा संपलेला नव्हता. संध्याकाळपर्यंत कान गरम व्हायचा आणि मान आखडायची. बायकोने फोन बंद ठेवायला सांगितला. विसार घेतलेल्या माणसाने फोन बंद ठेवला तर तो पळाला असे होते, म्हणून मी तो चालू ठेवला.

मला शंका आली नव्हती, असे लिहिणे खरे होणार नाही. शुक्रवारीच आली होती. परंतु शंकेवरून विसार मोडता येत नाही. घेणारा खोटा ठरेपर्यंत शब्द मलाच पाळायचा होता. मी शेळगावच्या बाईंचा विचार करीत होतो आणि रविवारची वाट पाहत होतो.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. “काका, सगळी रक्कम एकदम टाकतोय. मोबाइलवर एक कोड पाठवलाय. तो स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात.”

“पैसे मला मिळायचे आहेत. पिन मी का टाकायचा?”

“सिस्टिमच तशी आहे, काका. मोठी रक्कम असली की घेणाऱ्यालाही टाकावा लागतो.”

“मग समक्ष या. गाडी पाहा, पैसे द्या, चावी घ्या.”

तो अगदी शांतपणे म्हणाला, “काका, मी विसार दिलाय. तुम्ही तो घेतलाय. तुमच्या वडिलांनी सव्वा रुपयावर बैल ठेवला, आणि तुम्ही आता शब्द फिरवताय?”

या वाक्याने मी उठलो. चष्मा आणला, कोड बायकोच्या फोनवर पाठवला, आणि त्याने सांगितले तसे माझ्या फोनने तो स्कॅन केला. पिन टाकायच्या पडद्यापर्यंत मी पोचलो होतो. बोट उचलले होते. नोकरीत मला एकच चांगली सवय लागली होती: सही करण्याआधी कागदावरचे प्रत्येक अक्षर वाचायचे. मी वाचले. पडद्यावर गाडीची पूर्ण किंमत होती आणि ती माझ्या खात्यातून जाणार, असे वर स्वच्छ लिहिले होते.

मी ते त्याला मोठ्याने वाचून दाखवले.

“ए म्हाताऱ्या,” तो म्हणाला. आवाज तोच, वय बदलले. “टाक ना गपचूप. मरायला टेकलास, पैसे काय वर नेणारेस?” पुढे त्याने माझ्या आईचा उल्लेख केला. तो लिहीत नाही. त्याचे बोलणे संपेपर्यंत मी फोन कानाला धरून ठेवला, मग बंद केला. तो रुपया अजून माझ्या खात्यात आहे. तो आता कुणाचा, हे मला सांगता येणार नाही.

मी शेळगावला फोन लावला. बाई तासाभरात आल्या. या वेळी हसल्या नाहीत.

“सुटला का विसार?”

“सुटला. तो चोर होता.”

“आमाला गुरुवारीच दिसत हुतं,” त्या म्हणाल्या आणि पुढे ताणले नाही. “बरं, मी निम्मं आणल्यात. निम्मं बुधवारी. पतसंस्थेचं कर्ज मंजूर हाय, चेक बुधवारी हातात येतुया. गाडी तेवढी आजच न्हेती.”

पैसे नंतर, गाडी आज. आठवडाभर मी हेच वाक्य निरनिराळ्या आवाजांत ऐकले होते. कानात तो म्हाताऱ्या म्हणणारा अजून बोलत होता. मी म्हणालो, “पूर्ण पैसे आणि बारामतीला नावावर करण्याचे कागद. त्याआधी चावी देता येणार नाही.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. “म्हंजे आता आमी चोर.”

“तसे मी म्हणालो नाही.”

“आवं, त्याचं तोंड न्हाय बगितलं तुमी. त्याच्या रुपयावर पाच दिस गाडी धरून ठिवली. आन् मी दारात उबी हाय, शेळगावात माझं घर हाय, चूल हाय, तर मला कागुद?” आवाज चढला नव्हता. “सोमवार उद्या हाय, तात्या. तीन दिस तुमी खाल्लं माझं. दुसरी गाडी बगितली असती मी.”

बायको दारात येऊन उभी होती. मी बाईंच्या पायांकडे पाहिले. चपला धुळीने भरलेल्या होत्या आणि एकाच जागी होत्या.

चावी मात्र तरीही देववेना. गाडी माझ्या नावावर असताना दुसऱ्याच्या हातून काही झाले तर जबाबदारी माझी. हा नियम आहे आणि तो मी आयुष्यभर पाळला. तो नियम होता की त्या आठवड्याने मला आणलेली भीती होती, हे तेव्हा वेगळे करता आले नाही.

“शेळगावहून किती वाजता निघावे लागेल?” मी विचारले.

“कशाला?”

“डबे न्यायला. बुधवारपर्यंत गाडी मी चालवीन.”

“तुमी?” त्या बायकोकडे वळल्या. “आक्का, ह्यांना दिसतंय का?”

“दिवसा दिसतं,” बायको म्हणाली. “माणसं ओळखू येत नाहीत, एवढंच.”

सोमवारी अकराला मी शेळगावात होतो. अंगणात डबे मांडलेले, दोन बायका झाकणे लावत होत्या. तीन क्रेट मागे बसले, चौथा बाईंनी मांडीवर घेतला. गाडीत गरम भाकरीचा आणि लसणाच्या चटणीचा वास भरला. मी पन्नासच्या पुढे गेलो नाही.

“तात्या, दामटा की जरा. सायकलवाला म्होरं गेला.”

“आमटी सांडेल.”

“सांडंना का! येळंत तरी सांडंल.”

मी साठवर नेली. आमटी सांडली नाही. फाटकावर पोचलो तेव्हा साडेबाराला पाच मिनिटे कमी होती. पहारेकऱ्याने वही पुढे केली. गाडीचा क्रमांक, नाव, कामाचे स्वरूप. मी नाव लिहिले आणि पुढच्या रकान्यात थांबलो. सरकारी जीपमध्ये मी नेहमी डाव्या बाजूला बसत आलो होतो.

“ड्रायवर लिवा,” बाई पलीकडून म्हणाल्या, “आन् क्रेट धरा हिकडनं.”

मी लिहिले आणि क्रेट धरला. सुपरवायझर घड्याळ पाहत बाहेर आला, एक डबा उघडून हुंगला आणि आत नेऊ दिले. मंगळवारीही तसेच. मंगळवारी मी घरी आल्यावर चपला न काढता खाटेवर पडलो. पाठीच्या खालच्या मणक्यात कळ राहत होती. बायकोने शेक दिला. फोन वाजत होता. तिने तो उचलला, “गाडी नाही,” म्हणाली आणि ठेवला.

बुधवारी डबे पोचवल्यावर सुपरवायझरने बाईंना बाजूला बोलावले. त्या परत आल्या तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. गाडीत बसल्या, पट्टा लावला.

“महिना पक्का,” त्या म्हणाल्या. “मंग बगू म्हनला.”

“हॉटेलवाला?”

“तो बी हायच. त्यो कुठं जातुया.”

आम्ही तसेच बारामतीला गेलो. पतसंस्थेतून त्यांनी चेक घेतला आणि रोख निम्म्याबरोबर माझ्याकडे दिला, मी तो वाचला, मग परिवहन कार्यालयात हस्तांतरणाच्या अर्जांवर सह्या केल्या. तेही सगळे वाचले. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि मधेच त्यांना डुलकी लागली. पहाटे चारला उठलेल्या होत्या. मी त्यांना हाक मारली, तेव्हा त्या दचकून “झालं का?” म्हणाल्या. मी चावी दिली.

“इंदापुरात सोडू का तात्या?”

“तुम्हाला मंडईत जायचे असेल. उद्याची भाजी.”

“व्हय, ते हायच.” त्या चावी हातात घेऊन उभ्या राहिल्या. “तवा लई बोलली मी.”

“बरोबर बोललात,” मी म्हणालो. यापेक्षा अधिक मला साधले नाही.

त्यांनी गाडी काढली. दुसऱ्या गिअरवर गाडीने एक गचका खाल्ला, मग ती रस्त्याला लागली. मी रिक्षाने स्थानकात आलो. इंदापूरची एस.टी. भरलेली होती. ज्येष्ठांचे अर्धे तिकीट काढले आणि दांडा धरून उभा राहिलो.